विजेच्या घटांत खर्च कशाचा होतो?

सौम्य गंधकाम्लांत जस्ताची व तांब्याची पट्टी ठेवून त्या तारेनें जोडल्या म्हणजे विद्युत्प्रवाह सुरू होतो. तो कोठून आला, असें शिक्षकांनीं विचारतांच आपण 'रासायनिक क्रियेमुळें' असें झटकन् सांगतों. परंतु एवढ्याशा उत्तरासाठीं यूरोपांतील पंडित चाळीस वर्षें वाद करीत होते!

२० मार्च १८०० रोजीं इटलींतील व्होल्टा यानें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांस पत्र लिहून आपल्या स्तंभाची माहिती कळविली. चांदी, जस्त व खाऱ्या पाण्यांत भिजविलेला पुठ्ठा, अशी ती चळत होती. दोन भिन्न धातूंचा स्पर्श झाला कीं वीज उत्पन्न होते, हें त्याचें मत. जस्त झिजतें इकडे त्यानें फारसें लक्ष दिलें नाहीं.

त्याच वर्षीं डेव्ही यास आढळलें कीं, पुठ्ठ्याच्या जागीं अगदीं शुद्ध पाणी असल्यास स्तंभ कार्य करीत नाहीं. जस्ताचा प्राणवायूशीं संयोग जितका जलद, तितका स्तंभ प्रबळ.

१८०१ मध्यें वुलस्टननें केलेला प्रयोग मला सर्वांत सुंदर वाटतो. सौम्य अम्लांत जस्त व चांदी वेगळीं ठेवलीं असतां जस्तावरच हायड्रोजनचे बुडबुडे येतात. चांदी स्वस्थ असते. दोहोंचा स्पर्श होतांच चांदीवरूनहि बुडबुडे निघूं लागतात, आणि झिजतें मात्र जस्तच! याचें कारण वुलस्टनला ठाऊक असणें शक्य नव्हतें, कारण इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ सालचा. जस्त विरघळतांना मागें राहिलेले इलेक्ट्रॉन चांदीकडे जातात व तेथें अम्लांतील हायड्रोजनला मिळतात.

पुढें १८३४ च्या सुमारास फॅरडेनें हिशेबच मांडला. जस्तास पारा चोळला म्हणजे तें मंडल पूर्ण झाल्यावरच विरघळतें, व्यर्थ झिजत नाहीं. अशा घटांत २ भार हायड्रोजन निघण्यास सुमारें ६५.४ भार जस्त खर्चीं पडतें. १८४० मध्यें त्यानें स्पर्शवाद्यांस पेंचांत धरलें: कांहींहि खर्च न होतां नुसत्या स्पर्शानें प्रवाह अखंड चालेल, तर शक्ति शून्यांतून निर्माण होते असें मानावें लागेल!

व्होल्टा अगदींच चुकला नव्हता. भिन्न धातूंच्या स्पर्शानें विद्युद्दाबांत थोडा फरक पडतो, हें खरें आहे; पण प्रवाह चालूं ठेवण्याची किंमत जस्त देतें. टॉर्चमधील साधा जुना घट फोडून पाहावा. त्याचें जस्ताचें कवच जागोजाग खाल्लेलें दिसेल.