पाकीट एक, मायना दुसरा!

टपालाने आलेल्या पत्रात नावे दोन ठिकाणी असतात : पाकिटावर आणि आतल्या मायन्यात. पोस्टमन फक्त पाकीट वाचतो. ई-मेलचेही तसेच आहे. मात्र पडद्यावर आपल्याला आतला कागद दिसतो, पाकीट दिसत नाही. लबाड माणसे याचाच फायदा घेतात.

ई-मेलची ने-आण करणाऱ्या संगणकाला मेल सर्व्हर म्हणतात. दोन सर्व्हरांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. पाठवणारा सर्व्हर प्रथम परतीचा पत्ता सांगतो, मग पत्र कोणाला द्यायचे ते सांगतो. हे झाले पाकीट. प्रत्येक वेळी घेणारा सर्व्हर आकड्यात उत्तर देतो : २५० म्हणजे ‘मान्य’, ५५० म्हणजे ‘नामंजूर’. त्यानंतर आतला कागद येतो. त्यात आधी ‘कोणाकडून, कोणास, विषय, तारीख’ अशा शीर्षओळी, मग एक कोरी ओळ, मग मजकूर आणि शेवटी ओळीवर एकटेच एक टिंब.

आता समजा, सर्व्हरच्या दारावर तुम्ही पहारेकरी आहात. विषयाची ओळ पाहून पत्र अडवायचे आहे. पाकीट पाहतानाच ते जमेल का? नाही; शीर्षओळी अजून आलेल्याच नाहीत! म्हणून फिलिप हेझल यांनी केंब्रिज विद्यापीठात १९९५ पासून घडवलेल्या ‘एक्झिम’ या मेल सर्व्हरमध्ये प्रत्येक पायरीसाठी वेगळे नियम लिहिता येतात. शीर्षओळींचे नियम शेवटच्या टिंबानंतर तपासायचे. पण ‘२५०’ म्हणण्यापूर्वी.

ही घाई कशासाठी? एकदा पत्र स्वीकारले आणि मागाहून परत पाठवले, तर ते पाकिटावरच्या पत्त्यावर जाते. तो पत्ता खोटा असेल, तर भुर्दंड भलत्याच निरपराध माणसाला! दारातच ‘५५०’ म्हटले, की जबाबदारी पाठवणाऱ्या सर्व्हरकडेच राहते.

पण तपासायचे काय? ‘कोणाकडून’ आणि ‘तारीख’ या दोन ओळी प्रत्येक पत्रात असायलाच हव्यात. त्या नसतील तर संशयाला जागा आहे. पाकीट आणि मायना यांत फरक दिसला, तर लगेच पत्र खोटे ठरवू नका. गुप्त प्रत पाठवताना असा फरक पडतोच.

वाटेतला प्रत्येक सर्व्हर पोस्टाच्या शिक्क्यासारखी ‘मिळाले’ अशी ओळ सर्वांत वर जोडतो. म्हणून पत्राचा प्रवास खालून वर वाचायचा. मात्र खालचे शिक्के लबाडाने आधीच उमटवलेले असू शकतात. खात्रीचे तेवढे आपल्या स्वतःच्या सर्व्हरचे.

करून पाहा : शिक्षकांच्या मदतीने एखाद्या ई-मेलचे मूळ रूप उघडा. त्यात असे शिक्के किती आहेत? पहिला आणि शेवटचा यांच्या वेळांत किती सेकंदांचे अंतर आहे?

आणि एवढे ध्यानात ठेवा : पत्रातले नाव हा पाठवणाऱ्याचा दावा असतो, पुरावा नव्हे.