कळ तीच, अक्षर निराळे

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील एका प्रसंगाने सुरुवात करतो. नव्याने सज्ज केलेल्या एका संगणकासमोर एक विद्यार्थी बसला. त्याने आपले नाव टंकले, परवलीचा शब्द टंकला. पण संगणक काही त्याला आत घेईना. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. परवलीच्या शब्दाऐवजी पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे चूक कोठे होते आहे ते कळेना. "तूच विसरला असशील," असे मी त्याला सुनावले. "नाही सर, शेजारच्या संगणकावर हाच शब्द चालतो," तो म्हणाला. मग आम्ही कळफलक बदलून पाहिला. तरीही गुण नाही!

विद्यार्थी खरे बोलत होता आणि कळफलकही निर्दोष होता. मग दोष कोठे होता? ते समजण्यासाठी कळ दाबल्यावर काय घडते ते आधी पाहू.

आपली समजूत अशी असते, की 'के' अक्षराची कळ दाबली की 'के' हे अक्षर संगणकाकडे जाते. वस्तुतः तसे घडत नाही. कळेवरचे अक्षर हा केवळ रंग आहे. तो तुमच्यासाठी असतो, संगणकाला तो दिसत नाही. कळ दाबली की कळफलकातील एक विद्युत मंडल जुळते आणि कोणत्या जागेची कळ दाबली गेली एवढाच निरोप संगणकाकडे जातो. लिनक्स ही कार्यप्रणाली 'के'च्या जागेला ३७ हा क्रमांक देते. एक्स नावाची चित्रप्रणाली त्यात ८ मिळवून ४५ हा क्रमांक वापरते.

आता ४५ म्हणजे कोणते अक्षर? ते एका कोष्टकात पाहून ठरते. या कोष्टकालाच कळफलकाची मांडणी म्हणतात. अमेरिकन मांडणीत ४५ म्हणजे 'के'. ऑगस्ट ड्वोरॅक आणि विल्यम डीली यांनी १९३६ साली एकस्व घेतलेल्या मांडणीत त्याच जागी 'टी' येतो. आणि इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत तेथे 'क' येतो! इनस्क्रिप्ट ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवली आणि १९९१ साली तिला भारतीय मानकात स्थान मिळाले. कळ एकच, क्रमांकही एकच. कोष्टक बदलले की अक्षर बदलते.

तेव्हा खरा प्रश्न असा: या क्षणी कोणते कोष्टक लागू आहे? हे संगणकालाच विचारता येते. त्यासाठी टर्मिनलची खिडकी उघडून आज्ञा टंकावी लागते. पुढील आज्ञांचे येथे उच्चार दिले आहेत. त्या लहान रोमन अक्षरांत टंकायच्या. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. उत्तर देणारे साक्षीदार तीन आहेत आणि प्रत्येकाला ठाऊक असलेली गोष्ट निराळी आहे.

पहिला साक्षीदार: 'लोकेल' या शब्दाला जोडून सी, टी, एल ही अक्षरे लिहा, मग जागा सोडून 'स्टेटस'. ही आज्ञा संपूर्ण संगणकासाठी नोंदवलेली मूळ मांडणी सांगते. तुम्ही आत शिरण्यापूर्वी, म्हणजे परवलीचा शब्द टंकताना, सामान्यतः हीच मांडणी लागू असते.

दुसरा साक्षीदार: सेट, एक्स, के, बी, मॅप हे सर्व एकत्र जोडून लिहा, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला लागून 'क्वेरी'. ही आज्ञा एक्स प्रणालीला दिलेली मांडणी सांगते. उत्तरातील 'लेआउट' ही ओळ वाचा. 'यूएस' म्हणजे अमेरिकन, 'जीबी' म्हणजे ब्रिटिश, 'आयएन' म्हणजे भारतीय. पण तेथे 'यूएस, आयएन' असे दोन संकेत दिसले तर? ती उपलब्ध मांडण्यांची यादी झाली. या घटकेला त्यांतील कोणती चालू आहे ते त्यावरून कळत नाही. एक्सएफसीईसारख्या डेस्कटॉपवर, तो एक्सवर चालत असेल तर, एक्स आणि सेट जोडून लिहा, जागा सोडा आणि उणे चिन्हाला लागून क्यू टंका. 'एलईडी मास्क' या शब्दांपुढे आठ अंक दिसतील. उजवीकडून चौथा अंक ० असेल तर पहिली मांडणी चालू आहे, १ असेल तर दुसरी.

तिसरा साक्षीदार ग्नोम डेस्कटॉपसाठी. अनेक संगणकांवर एक्सची जागा आता वेलँडने घेतली आहे. तेथे दुसऱ्या साक्षीदारावर विसंबू नये. त्याऐवजी 'जीसेटिंग्ज गेट' लिहून पुढे 'ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.इनपुट-सोर्सेस' आणि शेवटी 'एमआरयू-सोर्सेस' लिहा. अगदी अलीकडे वापरलेली मांडणी यादीत पहिली येते. तीच चालू मांडणी.

आता आमच्या कोड्याकडे वळू. माझ्या परवलीच्या शब्दात केवळ अक्षरे आहेत, त्यामुळे मला त्या संगणकात सहज शिरता आले. पहिल्या साक्षीदाराला विचारले, तेव्हा उत्तर मिळाले 'जीबी'. अमेरिकन आणि ब्रिटिश मांडण्यांत रोमन अक्षरांच्या जागा सारख्याच आहेत, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण अमेरिकन मांडणीत शिफ्ट आणि २ दाबल्यावर 'ॲट'चे चिन्ह उमटते, ब्रिटिश मांडणीत दुहेरी अवतरणचिन्ह! त्या विद्यार्थ्याच्या शब्दात नेमके 'ॲट' होते. मांडणी 'यूएस' केली आणि तो पहिल्याच प्रयत्नात आत शिरला. त्याला विसराळू ठरवल्याबद्दल मी त्याची माफी मागितली. मोजून पाहण्याआधी निष्कर्ष काढू नये, हे मी वर्गात नेहमी सांगतो. त्या दिवशी मीच ते विसरलो होतो.

आता तुम्ही स्वतः एक प्रयोग करा. एक्सवर चालणाऱ्या संगणकावर एक्स, ई, व्ही ही तीन अक्षरे जोडून आज्ञा द्या. एक छोटी खिडकी उघडेल. तीत 'के'ची कळ दाबा आणि टर्मिनलमध्ये उमटणाऱ्या ओळी वाचा. मग मांडणी इनस्क्रिप्ट करून तीच कळ पुन्हा दाबा. 'कीकोड' दोन्ही वेळा ४५ च राहील. अक्षराचा संकेत मात्र बदलून 'यू०९१५', म्हणजे युनिकोडमधील 'क', असा होईल.

जाता जाता एक प्रश्न. फाइलींची यादी मागण्यासाठी टर्मिनलमध्ये एल आणि एस या दोन कळा दाबाव्या लागतात. एका मुलीने त्या बरोबर दाबल्या, पण पडद्यावर उमटले 'ते', आणि अशी आज्ञा सापडत नाही असे उत्तर आले. तिच्या संगणकावर कोणती मांडणी चालू असावी? हे सांगायला मात्र तिन्हींपैकी एकाही साक्षीदाराची गरज नाही!