दारच्या मांडवावर दोडका चढवा

चायोटे ही मूळची मेक्सिकोकडची वेलभाजी. आपल्याकडे ती बंगळुरूच्या बाजारात, सिक्कीम-दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात भरपूर मिळते. गुणांना कमी नाही: 100 ग्रॅममध्ये जेमतेम 19 कॅलरी आणि सुमारे 90 मायक्रोग्रॅम फोलेट. गरोदर बाईला फोलेट हवंच, आणि मधुमेही माणसालाही ही भाजी चालते.

मग बीडच्या अंगणात ती लावावी का? नको. चायोटेला गारवा आणि दमट हवा लागते, फळ धरायला चार-सहा महिने जातात. चाळिशीपार जाणारं ऊन आणि कधीही ओढ देणारा पाऊस तिला मानवत नाही.

शिवाय जिल्ह्याचं वर्षाचं गणित वेगळं आहे. दसरा-दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणीची हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात ती थेट उन्हाळ्यात परततात. त्यांच्या दाराशी असा वेल हवा जो जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर लावला की निघण्याआधी पोटभर देऊन मोकळा होईल. दोडका आणि दुधी हे काम चोख करतात. साधारण दोन महिन्यांत तोडणी सुरू होते.

कुंपणालगत शेणखत घालून दोन-तीन बिया टोचा, वेल मांडवावर किंवा बाभळीच्या फांद्यांवर चढवा. सुरुवातीची फुलं गळतात, कारण ती बहुतेक नर असतात. घाबरून औषध मारू नका. दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात. त्या वेळी फवारणी केली तर परागीभवन करणारे किडेच मरतील आणि फळं धरणार नाहीत.

दोडका कोवळाच तोडा. मूगडाळ घालून भाजी करा. शिरा फेकू नका, तीळ आणि दाण्याचा कूट घालून त्यांची चटणी करा. रक्तदाब असेल तर मीठ हात आखडून घाला. मात्र वेलभाजीने रक्त वाढत नाही. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांनी बाजरीची भाकरी, डाळ, पालेभाजी आणि वर लिंबू हे खावंच, दवाखान्यातून दिलेल्या लोहाच्या गोळ्याही सोडू नयेत. मधुमेहाच्या गोळ्यांनाही भाजी हा पर्याय नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाण्याचा ताण आणि कडक ऊन सोसलेल्या वेलाची फळं कडू होऊ शकतात. हा कडवटपणा कुकुर्बिटासिन या विषारी द्रव्याचा असतो. शिजवल्याने तो जात नाही. 2018 साली पुण्यात दुधीचा रस प्यायल्यानंतर उलट्या-जुलाब होऊन चाळिशीतल्या एका महिलेचा मृत्यू झाला. कडू रस अजिबात पिऊ नये, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही बजावलं आहे.

म्हणून दोडका किंवा दुधी चिरताना प्रत्येक फळाची छोटी चकती जिभेला लावून पाहा. कडू लागली की लगेच थुंका आणि ते फळ फेकून द्या. गूळ घालून खपवू नका, त्या वेलाचं बीही ठेवू नका. कडू भाजी किंवा रस पोटात गेल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा किंवा चक्कर सुरू झाली तर घरगुती उपायांत वेळ न दवडता जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना आधी सांगा. या विषावर उतारा नाही. वेळेवर लावलेलं सलाईनच जीव वाचवतं.