बाळाच्या छातीचा फोटो काढण्याआधी

दीड वर्षाचं बाळ चार दिवस खोकतंय, रात्री छातीत घरघर ऐकू येते. घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘एकदा फोटो काढून घ्या, म्हणजे मनात शंका नको.’ बालरोगतज्ज्ञांकडे असा आग्रह धरणारे पालक जसे येतात, तसेच किरणांच्या धास्तीनं गरजेचा एक्स-रेही टाळणारे येतात.

आधी धास्तीचं पाहू. लहान मुलाच्या छातीच्या एका एक्स-रेत साधारण ०.०१ ते ०.०२ मिलिसिव्हर्ट किरणं मिळतात. माती, हवा, अन्न आणि अवकाशातून प्रत्येक माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे एक फोटो दोन-तीन दिवसांच्या नैसर्गिक किरणांइतका. सीटी स्कॅन मात्र याच्या शंभरपटीच्या घरात जातो. तरीही जपायचं, कारण मुलांच्या पेशी झपाट्यानं वाढत असतात आणि त्यांच्यापुढे उभं आयुष्य असतं. सतत आजारी पडणाऱ्या मुलाच्या बाबतीत तर फोटोंची बेरीज होत जाते.

सगळ्यात मोठी बचत होते ती विनाकारण फोटो न काढण्यानं. दोन वर्षांखालच्या बाळांना विषाणूमुळे होणाऱ्या ब्रॉन्किओलायटिसमध्ये (बारीक श्वासनलिकांच्या सुजेत) सरसकट एक्स-रे काढू नये, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये स्पष्ट केलं. त्या फोटोत अनेकदा न्यूमोनियासारखे डाग दिसतात आणि नको असलेली अँटिबायोटिक्स सुरू होतात. त्यापेक्षा घरी श्वास मोजावेत. बाळ शांत असताना अंगातलं झबलं वर करून पूर्ण एक मिनिट पोटाकडे पाहायचं. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध घेत नसेल, तर थेट रुग्णालय गाठावं.

काही वेळा फोटो हवाच. ऑक्सिजन कमी आहे, औषधं सुरू करून दोन-तीन दिवस झाले तरी ताप हटत नाही, क्षयाची शंका आहे, किंवा शेंगदाणा खाताना ठसका लागला आणि तेव्हापासून खोकला थांबत नाही, अशा वेळी पालकांनी अडून बसू नये. शेंगदाणा फोटोत दिसत नाही, पण त्याच्यामागे अडकलेली हवा दिसू शकते. फोटो चांगला आला तरी ठसक्याची हकिगत डॉक्टरांना सांगायलाच हवी.

आता एक्स-रेच्या खोलीत. बटण दाबण्याआधी बाळाच्या अंगावर दिव्याचा चौकोन पडतो. किरणं तेवढ्याच जागेत जाणार असतात. हा चौकोन छातीपुरता आखडलेला हवा. डोकं, पोट, कंबर त्यात आली, तर ‘थोडा लहान करता का?’ असं विचारायला संकोच नको. तंत्रज्ञालाही ते कळतं. डिजिटल यंत्रात जास्त किरणं वापरली तरी चित्र छानच दिसतं. जुन्या फिल्मसारखं काळं पडत नाही. म्हणूनच यंत्राची मात्रा बाळाच्या वजना-आकाराप्रमाणे लावली आहे ना, हे विचारणं रास्त आहे.

फोटो पुन्हा काढावा लागण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बाळाची हालचाल. दुसरं, फोटोत उमटणाऱ्या वस्तू: गळ्यातला ताईत, काळ्या मण्यांची माळ, सेफ्टी पिन, धातूची बटणं आधीच काढावीत. हालचाल टाळायला बाळाला कुणीतरी धरावं लागतं; आई गरोदर असेल तर धरायला दुसऱ्या कुणीतरी यावं. धरणाऱ्यानं शिशाचा एप्रन घालून किरणांच्या चौकोनाबाहेर हात ठेवावेत.

बाळाच्या कंबरेवर शिशाची पट्टी ठेवण्याचा आग्रह मात्र सोडायला हरकत नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये ही सरसकट पद्धत बंद करण्याची शिफारस केली. शरीराच्या आत विखुरणारी किरणं पट्टीनं थांबत नाहीत आणि पट्टी सरकली तर फोटो पुन्हा काढावा लागतो.

काढलेला फोटो तारखेसह फाईलमध्ये जपून ठेवावा आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना मूळ फिल्म किंवा सीडी सोबत न्यावी. ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलवर टिपलेल्या चित्रात बारीक डाग हरवतात, आणि मग तोच फोटो नव्यानं काढायला सांगितला जातो.