चढ, रान आणि सायकल : फ्रान्समधील सायकल-पर्यटनाचा एक अभ्यास

सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कामाला निघालेला माणूस येतो. हँडलला जेवणाचा डबा, कॅरिअरला दुधाच्या किटल्या नाहीतर गवताचा भारा. फ्रान्समध्ये याच वाहनावर बसून लोक आठ-आठ दिवस डोंगररानांतून हिंडतात आणि या हिंडण्याला ‘सिक्लोतुरिझ्म’ असा स्वतंत्र शब्दही आहे. ही सवड असलेल्यांची हौस असावी, असे प्रथमदर्शनी वाटते. इतिहास मात्र निराळे सांगतो. डोंगराळ मुलूख सामान्य माणसाच्या सायकलीला खुला झाला तो तीन गोष्टींमुळे : रस्ता, गिअर आणि रजा. एका विशिष्ट मार्गाच्या आधारे या तीन गोष्टींचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक मार्ग

सेंत-एत्येन हे मध्य-पूर्व फ्रान्समधील औद्योगिक शहर. कोळसा, शस्त्रे, रेशमी फिती आणि सायकली यांसाठी ते एके काळी प्रसिद्ध होते. शहराच्या दक्षिणेस पिला नावाचा डोंगराळ प्रदेश लागतो. त्याचे सर्वांत उंच शिखर सुमारे १४३० मीटरचे असून १९७४ पासून हा प्रदेश प्रादेशिक निसर्ग उद्यान म्हणून राखला आहे. शहरातून निघालेला रस्ता फर आणि बीच वृक्षांच्या दाट रानातून चढत ११६१ मीटर उंचीच्या खिंडीत पोहोचतो. या खिंडीचे नाव ‘कोल द ला रेपुब्लिक’. तिला ‘ग्रां बुआ’, म्हणजे ‘मोठे रान’, असेही म्हणतात.

ही खिंड पाणलोटाची सीमा आहे. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस ल्वार नदीतून अटलांटिक महासागराला मिळतो, तर दक्षिणेचे पाणी रोन नदीतून भूमध्य समुद्रात जाते. खिंड ओलांडून रस्ता बूर-आर्झांताल आणि आनोने या गावांकडे उतरतो. पुढे रोन नदीच्या खोऱ्यात फळबागा दिसू लागतात आणि हवा बदलते. एका दिवसाच्या सायकलप्रवासात माणूस गार रानातून उबदार खोऱ्यात येतो. डोंगराळ फ्रान्समधील बहुतेक सायकलमार्गांची रचना अशीच असते : एका नदीच्या काठाने चढायचे, खिंड ओलांडायची आणि दुसऱ्या नदीच्या काठाने उतरायचे.

रस्ता

या प्रदेशात हमरस्ते सोडूनही असंख्य लहान, पक्के रस्ते आहेत. ते सायकलस्वारांसाठी बांधलेले नाहीत. १८३६ च्या कायद्याने गावरस्त्यांची देखभाल करणे गावांवर बंधनकारक झाले. त्यासाठी गावकऱ्यांना वर्षातून तीन दिवसांपर्यंत श्रम द्यावे लागत, किंवा त्याऐवजी पैसे भरावे लागत. लाकूड, धान्य आणि गवत वाहणाऱ्या गाड्यांसाठी हे रस्ते होते. भरलेली गाडी जनावराला ओढता यावी, तर चढ बेताचा हवा. म्हणून रस्ता डोंगरावर सरळ न चढता वळणे घेत गेला. जनावराच्या दमाचा जो विचार झाला, तो पुढे सायकलस्वाराच्याही कामी आला.

विसाव्या शतकात खेड्यांतील माणसे शहरांकडे गेली आणि लांब पल्ल्याची वाहने मोटारमार्गांवर गेली. रस्ते मात्र राहिले आणि ओस पडल्यामुळेच ते सायकलीला सोयीचे झाले. या निवांतपणामागे रिकामी झालेली घरेही आहेत, याची जाणीव अभ्यासकाने ठेवली पाहिजे.

असा मार्ग आखताना केवळ अंतर पाहून भागत नाही. मिशलँ कंपनीच्या नकाशांत तीव्र चढाच्या जागी रस्त्यावर बाणाच्या टोकासारखी खूण असते. एक खूण म्हणजे शंभर मीटरला पाच ते नऊ मीटर चढ, दोन म्हणजे नऊ ते तेरा आणि तीन म्हणजे त्याहून जास्त. निसर्गसुंदर रस्त्याला हिरवी कड असते. हिरवी कड आणि बाणाच्या खुणा पुष्कळदा एकाच रस्त्यावर सापडतात, हे नकाशा थोडा वेळ पाहिला तरी ध्यानात येते.

गिअर

रस्ता असला तरी एका गिअरच्या सायकलीला घाट अवघडच. याचे कारण साध्या गणिताने समजते. पुढच्या चकतीला ४८ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असलेली सायकल पेडलच्या एका फेऱ्यात सुमारे ५.६ मीटर पुढे जाते. शंभर मीटरला सहा मीटर चढ असेल, तर त्या एका फेऱ्यात स्वार, सायकल आणि सामान मिळून सुमारे ३४ सेंटिमीटर वर उचलले जातात. म्हणजे प्रत्येक पायाच्या वाट्याला १७ सेंटिमीटर येतात. जिन्याची एक पायरी साधारण एवढीच असते. सामानासह तासभर पायऱ्या चढत राहावे, तसे हे झाले. आता पुढे २८ आणि मागेही २८ दाते घेतले, तर एका फेऱ्यात सायकल २.१ मीटरच जाते आणि प्रत्येक पायाला जेमतेम सहा सेंटिमीटर चढावे लागते. खिंडीची उंची तीच, एकूण काम तेवढेच. फक्त हप्ते लहान झाले. सावकाराचे कर्ज एकरकमी फेडता न येणारा माणूस हप्त्याने फेडतो, त्यातलाच हा प्रकार.

हा विचार फ्रान्समध्ये रुजवणाऱ्यांत पोल द व्हिव्ही यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १८५३ चा. रेशमाच्या व्यापारातून ते सायकलीकडे वळले आणि १८८७ मध्ये त्यांनी सेंत-एत्येन येथे सायकलविषयक नियतकालिक सुरू केले. ‘व्हेलोस्यो’ या टोपणनावाने ते लिहीत. ग्रां बुआचा चढ ही त्यांची प्रयोगशाळाच होती. साखळी निरनिराळ्या दात्यांच्या चकत्यांवर हलवून एकाच सायकलीला अनेक गिअर देण्याचे प्रयोग ते करीत राहिले. ईस्टरच्या सुटीत ते सोबत्यांसह दक्षिणेला प्रोव्हान्सकडे सायकलने जात.

याच खिंडीतून १९०३ मध्ये पहिली ‘तूर द फ्रान्स’ शर्यत गेली. शर्यतीचे संचालक आंरी देग्रांज यांचे मत नेमके उलट होते : गिअरची मदत घेणे हे दुबळेपणाचे लक्षण, शर्यत स्नायूंच्या बळावर जिंकली पाहिजे. साखळी बदलणारा गिअर या शर्यतीत १९३७ मध्ये मान्य झाला. व्हेलोस्यो त्यापूर्वीच, १९३० मध्ये, सेंत-एत्येनमध्ये ट्रामच्या धडकेने मरण पावले होते. वाद केवळ यंत्राचा नव्हता. डोंगर कोणासाठी आहे, निवडक बलवंतांसाठी की मध्यमवयीन कारकून, बायका आणि म्हातारी माणसे यांच्यासाठीही, हा खरा प्रश्न होता.

रजा

रस्ता आणि गिअर दोन्ही असूनही कारखान्यातला माणूस बाहेर पडू शकत नव्हता, कारण त्याच्यापाशी दिवस नव्हते. १९३६ च्या जून महिन्यात, मोठ्या संपांनंतर, लेओं ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची भरपगारी रजा देणारा कायदा केला. त्या उन्हाळ्यात अनेक कामगार कुटुंबांनी घराबाहेरची पहिली सुटी अनुभवली. रेल्वेने सवलतीची तिकिटे दिली. ज्यांना तीही नको होती, ते सायकलींवर आणि दोघांनी चालवायच्या टँडेमवर तंबू बांधून निघाले. त्या वर्षाची छायाचित्रे आजही फ्रेंच इतिहासाच्या पुस्तकांत दिसतात.

चालण्याची रीत

व्हेलोस्यो यांनी प्रवासाचे काही नियम घालून दिले होते. त्यांचा आशय असा : थांबे थोडे आणि लहान असावेत, भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, भूक आणि झोप उडेल इतके थकू नये, थंडी वाजण्याआधी कपडा चढवावा, प्रवासात मद्य, मांस आणि तंबाखू टाळावी, सुरुवातीलाच जोर लावू नये, आणि दुसऱ्याला दाखविण्यासाठी कधीही पेडल मारू नये. रानातल्या घाटात हे नियम विशेष पटतात. चढताना झाडीमुळे माथा किती दूर आहे ते दिसत नाही आणि जोर लावणारा अर्ध्यातच संपतो. उतरताना घामेजलेल्या अंगाला वारा झोंबतो. शरद ऋतूत ओल्या पानांवर चाक घसरते. लहान गावांतील पावाचे दुकान दुपारी बंद असते. म्हणून शिदोरी सकाळीच घ्यावी लागते. पाण्यासाठी अनुभवी स्वार गावची दफनभूमी शोधतात, कारण तिथे बहुधा नळ असतो. मात्र पाणी पिण्याजोगे नसल्याची पाटी नाही ना, हे आधी पाहतात.

फ्रान्सच्या सायकल-पर्यटन महासंघाच्या सहलींत पहिला-दुसरा क्रमांक नसतो. महासंघाचा एक उपक्रम असा : ठरवून दिलेल्या गावी जायचे, तिथल्या दुकानदाराचा शिक्का कार्डावर घ्यायचा आणि वर्षानुवर्षे असे शिक्के जमवीत देश पाहायचा. त्याला मुदत नाही, घाई नाही.

समारोप

तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार केला, म्हणजे एक सूत्र हाती लागते. रस्त्याने चढ बेताचा केला, गिअरने जोर बेताचा केला आणि रजेने श्रमांना मर्यादा घातली. यांपैकी एकही गोष्ट एकट्या माणसाच्या पराक्रमातून आलेली नाही. रस्त्यात गावाचे श्रम आहेत, गिअरमध्ये कारागिरांचे प्रयोग आहेत, रजेत संपकऱ्यांचा लढा आहे.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने कामगाराला भरपगारी रजा दिली. पण रोजंदारीवर जाणाऱ्या शेतमजुराच्या शब्दकोशात ‘रजा’ नाही, ‘खाडा’ आहे आणि खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. सह्याद्रीत घाट आहेत, रान आहे, गिअरच्या सायकलीही आता बाजारात आल्या आहेत. परंतु ज्याच्या दारात सायकल केवळ कामासाठी उभी असते, त्या माणसाला एखादा दिवस विनाकारण घाट चढून पलीकडचे खोरे पाहता येईल का, हा प्रश्न सायकलीचा नाही. तो त्याच्या दिवसाच्या मालकीचा आहे.