औषध देण्याआधीची शेवटची तपासणी

औषध डॉक्टर लिहून देतात, औषध दुकानदार काढून देतो आणि रुग्णाला ते परिचारिकेच्या किंवा घरातल्या माणसाच्या हातून मिळते. चिठ्ठीतली किंवा दुकानातली चूक या शेवटच्या टप्प्यावर पकडता येते. इथेच झालेली चूक पकडायला मात्र पुढे कोणी नसते. औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये जगभर मोहीम सुरू केली. तिची तत्त्वे तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयातल्या वॉर्डाला जितकी लागू आहेत, तितकीच चिखला किंवा डोंगरी बुजुर्गच्या खाणकामगाराच्या घरालाही आहेत.

परिचर्येच्या अभ्यासक्रमात पाच गोष्टी पक्क्या करून घेतल्या जातात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. रुग्णाला त्याचे नाव स्वतः सांगायला लावावे. ‘तुम्हीच का अमुक?’ असे विचारले, तर ग्लानीतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही होकार देतो. औषधाचे लेबल तीनदा वाचावे: कपाटातून काढताना, मात्रा भरताना आणि बाटली परत ठेवताना. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठले होते का, स्त्री गरोदर आहे का, हे देण्यापूर्वी विचारावे. मार्ग चुकला तर योग्य औषधही जीव घेते. पोटॅशियम क्लोराईडचे इंजेक्शन शिरेतून थेट कधीच देत नाहीत. ते सलाईनमध्ये मिसळून सावकाश सोडतात, कारण एकदम दिल्यास हृदय बंद पडू शकते. औषध दिल्यावर लगेच नोंद करावी. नोंद राहिली, तर ड्यूटी बदलल्यावर तीच मात्रा दुसऱ्यांदा दिली जाण्याची भीती असते.

घरात सर्वाधिक चुका मोजमापात होतात. तापाच्या पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप दिसायला सारखे असले, तरी त्यांची तीव्रता वेगळी असते. थेंबांच्या 1 मिलीमध्ये साधारण 100 मिलिग्रॅम औषध असते. सिरपच्या 5 मिलीमध्ये 120, 125 किंवा 250 मिलिग्रॅम असते. दर किलो वजनामागे 15 मिलिग्रॅम धरले, तर 10 किलोच्या बाळाला एका वेळी 150 मिलिग्रॅम लागते. म्हणजे थेंब 1.5 मिली, 125चे सिरप 6 मिली आणि 250चे सिरप 3 मिली. सिरपच्या मापाने 6 मिली थेंब पाजले, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाते. म्हणून ‘एक चमचा’ हे माप धरू नये. बाटलीसोबतचे मापटे किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी. दोन मात्रांमध्ये किमान चार तास जाऊ द्यावेत आणि दिवसात चारपेक्षा जास्त मात्रा देऊ नयेत.

इन्सुलिनमध्येही असाच घोटाळा होतो. भारतात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांमध्ये 1 मिलीला 40 युनिट असतात आणि त्यांच्यासाठी लाल टोपणाची 40ची सिरिंज असते. नारिंगी टोपणाची सिरिंज 100 युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. 40च्या बाटलीतून 100च्या सिरिंजने 20 रेघा भरल्या, तर प्रत्यक्षात 8 युनिटच जातात. उलट झाले, तर 20ऐवजी 50 युनिट जातात आणि साखर धोकादायक इतकी उतरते. विदर्भातल्या उन्हाळ्यात इन्सुलिन उघड्यावर टिकत नाही. फ्रिज नसेल, तर एका मडक्यात दुसरे लहान मडके ठेवून मधली जागा ओल्या वाळूने भरावी आणि बाटली आतल्या मडक्यात ठेवावी. बर्फात गोठलेले इन्सुलिन टाकून द्यावे.

धानाच्या रोवणीपासून कापणीपर्यंत सर्पदंशाचा धोका असतो. भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर चालते. विषबाधेची लक्षणे दिसली, तर पहिल्या खेपेला साधारण 8 ते 10 बाटल्या शिरेतून सुमारे तासाभरात देतात. इथे वजनाचा हिशेब चालत नाही: साप लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकेच विष टोचतो, म्हणून प्रतिविषाची मात्राही तेवढीच लागते. भुकटी विरघळवताना बाटली जोराने हलवू नये, हलकेच फिरवावी. तीव्र ॲलर्जी उद्भवू शकते, म्हणून ॲड्रेनलिन आधीच भरून हाताशी ठेवतात.

पूर्व विदर्भात हत्तीरोगाविरुद्धच्या मोहिमेत आरोग्य कर्मचारी समक्ष गोळ्या खाऊ घालतात. डीईसीची मात्रा वयावर ठरते: 2 ते 5 वर्षांना 100, 6 ते 14 वर्षांना 200 आणि त्यापुढे 300 मिलिग्रॅम. आयव्हरमेक्टिन दिले जाते तिथे त्याची मात्रा उंचीवरून ठरते. 90 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना ते देत नाहीत. अल्बेंडाझोलची गोळी चावून खायची असते. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना या गोळ्या देऊ नयेत. उपाशीपोटी गोळ्या घेऊ नयेत आणि ‘नंतर घेऊ’ म्हणून त्या खिशात ठेवू नयेत. गोळ्यांनंतर येणारा हलका ताप किंवा मळमळ बहुधा जंतू मरत असल्यामुळे असते. त्रास वाढला तर आरोग्य केंद्रात जावे.

चूक झालीच, तर ती लपवू नये. वॉर्डात लगेच डॉक्टरांना सांगावे. घरी असल्यास पट्टी किंवा बाटली, दिलेली मात्रा आणि वेळ घेऊन रुग्णालय गाठावे. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. पॅरासिटामॉल फार जास्त गेले, तरी पहिल्या दिवशी माणूस बरा दिसतो, यकृत मात्र आतून बिघडत जाते. त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वाधिक गुणकारी ठरतो. एखादी मात्रा राहून गेली, तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला विचारावे.