घूर्णन गतीची उदाहरणे : आधी अक्ष, मग सूत्र

दाराची कडी बिजागरीपासून शक्य तितकी दूर बसविलेली असते. सुताराने पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडलेले नसले, तरी बिजागरीजवळ ढकलल्यास दार जड जाते हे त्यास पक्के ठाऊक असते. विद्यार्थ्यासही ते ठाऊक असते. परंतु घूर्णन गतीचे उदाहरण कागदावर आले की या अनुभवाचा त्याला विसर पडतो. तो प्रथम सूत्र शोधतो, दिलेले आकडे त्यात भरतो, आणि उत्तर पुस्तकाशी जुळले नाही म्हणजे हे प्रकरणच अवघड आहे असे ठरवून पान उलटतो. वस्तुतः वस्तू कोणत्या अक्षाभोवती फिरते व प्रत्येक बल त्या अक्षापासून किती अंतरावर लागते, एवढ्या दोन गोष्टी आकृतीत आधी स्पष्ट केल्या, तर पुढे बहुधा साधे अंकगणितच उरते.

बल आणि अक्षापासून त्या बलाच्या रेषेचे लंब अंतर यांच्या गुणाकारास बलाचे आघूर्ण म्हणतात. बिजागरीपासून ०.८ मीटरवर १० न्यूटन बलाने दार ढकलले, तर आघूर्ण ८ न्यूटन-मीटर होते. तेच आघूर्ण ०.२ मीटरवरून मिळवावयाचे तर ४० न्यूटन बल लागेल.

लंब अंतर

व्याख्येतील ‘लंब’ हा शब्द घाईत निसटतो, आणि पुष्कळशी चुकीची उत्तरे तेथेच जन्म घेतात. नट आवळण्याचा पाना २५ सेंटिमीटर लांबीचा आहे व त्याच्या टोकास ८० न्यूटन बल लावले आहे, असे समजू. बल पान्याशी काटकोनात असेल तर आघूर्ण २० न्यूटन-मीटर. हात तिरपा पडला व बलाची दिशा पान्याशी ३० अंशांचा कोन करू लागली, तर लंब अंतर निम्मे होते आणि आघूर्ण १० न्यूटन-मीटरच उरते. गंजलेला नट सुटेना म्हणजे दुरुस्ती करणारा कारागीर पान्याच्या टोकावर लोखंडी नळी चढवितो व नळीशी काटकोन साधून जोर लावतो. अंतर वाढविणे व कोन राखणे हे दोन्ही नियम तो एकाच वेळी पाळीत असतो.

येथेच चिन्हांचा संकेतही ठरवून टाकावा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरविणारे आघूर्ण ऋण व उलट दिशेचे धन मानण्याची रीत आहे. कोणी उलट मानले तरी बिघडत नाही. मात्र एका उदाहरणात एकच संकेत शेवटपर्यंत पाळला पाहिजे.

अक्ष कोठे घ्यावा

वस्तू स्थिर असेल तर तिच्यावरील सर्व आघूर्णांची बेरीज कोणत्याही बिंदूभोवती शून्यच येते. म्हणून अशा उदाहरणात अक्ष निवडण्याचे स्वातंत्र्य सोडविणाऱ्यास असते, आणि त्याचा लाभ त्याने घ्यावा. २ मीटर लांबीचा, ४ किलोग्रॅमचा बांबू दोघांनी दोन टोकांना खांद्यावर घेतला आहे. पुढच्या माणसापासून अर्ध्या मीटरवर ३० किलोग्रॅमचे ओझे टांगले आहे. प्रत्येकाच्या खांद्यावर किती भार येईल?

बांबूच्या मध्यावर अक्ष घेतला तर दोन्ही अज्ञात भार समीकरणात येतात. पुढच्या माणसाच्या खांद्यावरच अक्ष कल्पिला, तर त्याच्या भाराचे अंतर शून्य होऊन तो भार समीकरणातून आपोआप गळतो. मग मागच्याचा भार गुणिले २ बरोबर ३० गुणिले ०.५ अधिक ४ गुणिले १, म्हणजे १९. मागच्यावर ९.५ किलोग्रॅमचा भार, आणि एकूण ३४ मधून तो वजा जाता पुढच्यावर २४.५ किलोग्रॅमचा. न्यूटनमध्ये उत्तर हवे असल्यास या संख्यांना ९.८ ने गुणावे. जे बल ठाऊक नाही आणि विचारलेलेही नाही, त्याच्यावरच अक्ष ठेवावा. ही युक्ती ज्याला साधली त्याचे निम्मे श्रम वाचतात.

जात्याचे जडत्व

स्थिर वस्तूकडून फिरणाऱ्या वस्तूकडे वळताना एक नवी राशी येते. सरळ रेषेतील गतीत वस्तुमान जे काम करते, ते घूर्णनात जडत्व-आघूर्ण करते. ही राशी गणितज्ञ ऑयलर यांनी १७६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडली. वस्तुमान किती एवढ्यावर ती अवलंबून नसते. ते वस्तुमान अक्षापासून किती दूर पसरले आहे हेही तीत येते, आणि अंतराचा वर्ग येतो. भरीव चकतीचे जडत्व-आघूर्ण वस्तुमान व त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. पातळ कड्याचे पूर्ण असते, कारण कड्याचे सारे वस्तुमान परिघावरच असते.

ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही तेथेही हा भेद दाखविता येतो. फळी किंचित तिरपी धरावी आणि तिच्यावरून एक नाणे व एक बांगडी कडेवर उभी करून एकाच वेळी घरंगळत सोडावी. दोन्ही न घसरता घरंगळली, तर नाणे दर वेळी पुढे जाते. नाण्याचे त्वरण घर्षणरहित उतारावरील त्वरणाच्या दोन-तृतीयांश व बांगडीचे निम्मे असते, आणि त्यात वस्तुमान वा आकारमान यांचा काहीही संबंध नसतो. बांगडी काचेची की धातूची, लहान की मोठी, हे बदलून पाहावे. मुलांना हे प्रथम खरे वाटत नाही, म्हणून प्रयोग अवश्य करावा.

आता जाते घेऊ. वरच्या तळीचे वस्तुमान २० किलोग्रॅम, व्यास ४० सेंटिमीटर. जडत्व-आघूर्ण काढताना व्यास नव्हे, त्रिज्या घ्यावयाची : अर्धे गुणिले २० गुणिले ०.२ चा वर्ग, म्हणजे ०.४ किलोग्रॅम-मीटर वर्ग. (त्रिज्येऐवजी व्यास घातल्यास उत्तर चौपट येते, उत्तरपत्रिकांत ही चौपट वारंवार दिसते.) खुंटा मध्यापासून १६ सेंटिमीटरवर आहे व दळणारी त्यास १५ न्यूटन बल लावते, तर तिचे आघूर्ण २.४ न्यूटन-मीटर. दाणे भरडताना होणारा विरोध २ न्यूटन-मीटर धरला, तर शिल्लक ०.४. यास जडत्व-आघूर्णाने भागले असता कोनीय त्वरण दर सेकंदास १ रेडियन प्रतिसेकंद येते. मिनिटास ३० फेरे, म्हणजे सेकंदास अर्धा फेरा, म्हणजे ३.१४ रेडियन प्रतिसेकंद. हा वेग गाठण्यास तीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागेल. मिनिटाच्या फेऱ्यांचे रेडियनमध्ये रूपांतर केल्यावाचून कोणतेही सूत्र वापरू नये. एकदा वेग आला की १२.५ न्यूटन बल पुरते, कारण मग केवळ विरोधाचीच भरपाई करावयाची असते. जाते सुरू करताना जो जोर लागतो तो पुढे लागत नाही, ही घराघरांतील जुनी ओळख येथे आकड्यांत दिसते.

रहाटाचे उदाहरण

ज्या उदाहरणात फिरणारी वस्तू व सरळ जाणारी वस्तू दोरीने जोडलेल्या असतात, ते परीक्षेत हमखास येते आणि सर्वांत अधिक चुकते. त्यासाठी आडावरील रहाट घ्यावा. येथे कोकण-गोव्याकडील गाडग्यांच्या माळेचा रहाट अभिप्रेत नाही. आडाच्या तोंडावर दोन खांबांत आडवा बसविलेला, दोर गुंडाळण्याचा लाकडी ओंडका, ज्याच्या टोकास लोखंडी दांडा व मूठ असते, तो अभिप्रेत आहे. ओंडक्याचे वस्तुमान ८ किलोग्रॅम, त्रिज्या १० सेंटिमीटर. मूठ मध्यापासून ३० सेंटिमीटरवर. पाण्यासह बादली १० किलोग्रॅमची.

बादली सावकाश वर येत असता दोरीतील ताण तिच्या वजनाइतका, म्हणजे ९८ न्यूटन असतो. त्याचे आघूर्ण ९.८ न्यूटन-मीटर, म्हणून मुठीवर सुमारे ३२.७ न्यूटन, वजनाच्या एक-तृतीयांश, बल लागते. अर्थात हाताला बादलीच्या तिप्पट अंतर कापावे लागते; रहाट फुकट काही देत नाही.

बादली पाण्यापासून ३.५ मीटर वर आली असता मूठ हातून निसटली, तर काय होईल? बहुतेक विद्यार्थी असे लिहितात : आघूर्ण ९.८, ओंडक्याचे जडत्व-आघूर्ण ०.०४, म्हणून कोनीय त्वरण २४५, व त्यास त्रिज्येने गुणता बादलीचे त्वरण २४.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग. क्षणभर थांबून या उत्तराकडे पाहिले पाहिजे. दोरी तोडून मोकळी टाकलेली बादलीसुद्धा ९.८ त्वरणानेच पडेल. मग ओंडका फिरविण्याचा भार वाहणारी बादली तिच्या अडीचपट त्वरणाने कशी पडेल? उत्तर अशक्य आहे. चूक आकडेमोडीत नसून एका गृहीतात आहे : पडत्या बादलीच्या दोरीतही ताण वजनाइतकाच राहतो, असे गुपचूप धरले गेले.

ताण अज्ञात ठेवून दोन वस्तूंची दोन समीकरणे लिहावीत. बादलीसाठी, ९८ − ताण = १० × त्वरण. ओंडक्यासाठी, ताण × ०.१ = ०.०४ × (त्वरण ÷ ०.१), म्हणजे ताण = ४ × त्वरण. दोन्ही मिळून ९८ = १४ × त्वरण; त्वरण ७, आणि ताण अवघा २८ न्यूटन.

परंतु दांडा व मूठ यांनाही जडत्व असते आणि ती अक्षापासून दूर असल्यामुळे ते उपेक्षणीय नसते. त्यांचे मिळून ०.०६ धरू. एकूण जडत्व-आघूर्ण ०.१ झाले; आता ताण = १० × त्वरण, ९८ = २० × त्वरण, म्हणून त्वरण ४.९ व ताण ४९ न्यूटन. ३.५ मीटर पडल्यावर बादलीच्या वेगाचा वर्ग २ × ४.९ × ३.५ म्हणजे ३४.३, आणि वेग सेकंदास ५.८६ मीटर. ऊर्जेने पडताळा घ्यावा : बादलीने गमावलेली स्थितिज ऊर्जा ३४३ ज्यूल, बादलीची गतिज ऊर्जा १७१.५ व रहाटाची तितकीच. बेरीज जुळते. असा पडताळा घेण्याची सवय शिक्षकांनी लावावी. त्यास दोन ओळी पुरतात.

या उत्तराशी थांबणे मात्र योग्य नाही, कारण उदाहरणातील खरी गोष्ट पुढे आहे. ओंडक्याचा कोनीय वेग आता ५८.६ रेडियन प्रतिसेकंद, म्हणजे सेकंदास नऊहून अधिक फेरे. मुठीचा वेग सेकंदास १७.६ मीटर, ताशी सुमारे ६३ किलोमीटर. हे सारे मूठ सुटल्यापासून सुमारे १.२ सेकंदात घडते. आसाच्या घर्षणामुळे प्रत्यक्षात वेग काहीसा कमी भरेल, पण बादली पाण्यास टेकताच दोरीतील ताण नाहीसा झाला तरी ओंडका थांबत नाही. दोर सैल पडून उलटा गुंडाळला जाऊ लागतो, तो गुंतू नये म्हणून माणसाचा हात सहज पुढे जातो, आणि मुठीचा फटका बसतो तो याच वेळी. हाताने तो ओंडका सेकंदाच्या शंभराव्या भागात अडविला असे धरले, तर आघूर्ण ०.१ × ५८.६ ÷ ०.०१, म्हणजे ५८६ न्यूटन-मीटर; मुठीच्या अंतराने भागता सुमारे १९५० न्यूटन. दोनशे किलोग्रॅमच्या वजनाइतके हे बल मनगटावर येते. हाड मोडण्यास याहून अधिक कारण नको.

म्हणून मूठ सुटली की हात मागे घेऊन बाजूस व्हावे, दोर गेला तरी चालेल. हे मुलांना आकड्यांनिशी सांगता येते. ज्या गावी असे रहाट वापरात आहेत, तेथे ओंडक्याच्या टोकास दातेरी चाक व त्यात पडणारी लोखंडी अडकण बसविणे शक्य आहे. मूठ निसटताच अडकण लगेच दात्यात पडली, तर बादलीस वेग येण्यापूर्वीच ओंडका थांबतो. टांगलेली भरली बादली धरून ठेवण्यास ९.८ न्यूटन-मीटर आघूर्ण पुरे असते; दाते ७ सेंटिमीटर त्रिज्येवर असल्यास अडकणीवर १४० न्यूटन बल येईल. किंचित झटका धरून ती याच्या काही पट मजबूत केली तरी गावच्या लोहाराच्या हातचे ते काम आहे.

वर्गात सोडविण्यासाठी याच रहाटाचे आणखी एक उदाहरण द्यावे. रिकामी बादली २ किलोग्रॅमची आहे आणि ती खाली सोडताना मूठ न धरता मोकळी सोडली जाते, जसे पुष्कळ ठिकाणी घाईत केले जाते. ३.५ मीटरवर पाण्याला टेकताना मुठीचा वेग किती? (उत्तर : त्वरण १.६३ मीटर प्रतिसेकंद वर्ग. बादलीचा वेग सेकंदास ३.३८ मीटर, मुठीचा वेग सेकंदास १०.१ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३६.५ किलोमीटर.)